कमानपाट्याचे खुरपे का मोडले?

प्रश्न : निवृत्तीनंतर घराच्या पडवीत मी ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि छोटी ऐरण मांडली आहे. ट्रकचे मोडके कमानपाटे, जीआय पाइपचे तुकडे आणि जुन्या नांगराचा एक फुटका भाग साठला आहे. ते भंगारात किलोवर घालणे जिवावर येते. कमानपाट्याचे एक खुरपे घडवून, लालभडक करून पाण्यात बुडवले, तर पहिल्याच भांगलणीत पाते मोडले. काय चुकले? बाकीच्या मालाचे काय करावे?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : माल चांगला होता; पाणी पाजण्याची, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याची, रीत चुकली. कमानपाट्यात कार्बन शेकडा ०.६ च्या आसपास, म्हणजे साध्या लोखंडी पट्टीच्या दुपटीहून अधिक असतो, आणि असे पोलाद लाल असताना एकदम पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. पुढच्या वेळी पाते तापवताना मधूनमधून त्याला लोहचुंबक लावून पाहा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला ते चिकटेनासे होते. त्यानंतर किंचित अधिक तापवून पाते कोमट तेलात बुडवावे. एवढ्यावर थांबू नये. पॉलिश पेपरने पाते चकचकीत करून पाठीकडून हलके तापवले, की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग धारेकडे सरकताना डोळ्यांना दिसतो; जांभळी छटा धारेला पोहोचताच आच काढावी. ही पायरी राहिली म्हणूनच आपले पाते मोडले.

शिवाय वापरलेल्या पाट्यात बारीक चिरा लपलेल्या असतात. पाटा रॉकेलने पुसून कोरडा करा आणि वर खडू घासा; चीर असेल तर थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटते. तो भाग कापून टाकावा.

आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगर घडले, आणि त्या काळच्या नांगरांचे पुष्कळ भाग बिडाचे, म्हणजे ओतीव असत. आपला तुकडा ग्राइंडरला लावून पाहा. आखूड, मंद तांबड्या ठिणग्या पडल्या तर ते बीड समजावे. कमानपाट्याच्या ठिणग्यांना मात्र दाट फाटे फुटतात. बीड घणाखाली फुटते, म्हणून ते घडवायला घेऊ नये.

जीआय पाइपबद्दल मला खरी काळजी वाटते. त्यावरचे जस्त वेल्डिंगच्या आचेने जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, आणि दूध प्यायल्याने तो टळतो हा समज खोटा आहे. वेल्डिंगच्या कामासाठी जस्त नसलेला साधा काळा पाइप घ्यावा. जीआयचे तुकडे आटे पाडून सॉकेट-एल्बोने जोडले, तर वेल्डिंगशिवाय परसात वेलीचा मांडव उभा राहील.