तुमच्या मुलीचं नाव काय?

एप्रिलमध्ये टोकियोला येताय, मुलगी सहा वर्षांची, तिला जपानी सरकारी शाळेत घालावं की इंडियन स्कूलमध्ये, आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. व्हिसा, विमा, 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवणं हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते लिहीत नाही.

एकटेपणाचं आधी उरकते. वाटतं. निशिकासाईला, टोकियोतल्या भारतीय वस्तीत, घर घेतलंत तर कमी वाटेल, तिथे तूरडाळही मिळते आणि मराठी बोलायला माणसंही. पुढे.

खरा ताप नावाचा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव मधे असतं. ती सगळी माळ रेसिडेन्स कार्डावर येते. बँक तीच काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहायला लावते, आणि मोबाइलच्या फॉर्मात तेवढ्या चौकटीच नसतात. बँकेत एक नाव, फोनला दुसरं, म्हणून माझा अर्ज तीनदा परत आला. दर वेळी काउंटरवरची बाई कमरेत वाकून माफी मागायची आणि काम तिथेच राहायचं. समोरच्याने 'चोत्तो...' (म्हणजे 'जरा...') म्हणत श्वास आत ओढला की समजायचं, नाही. मी पहिलं वर्षभर पुढचं वाक्य ऐकायला थांबून राहायचे. काताकानातलं नाव घरी बसून ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

मी ते केलं नाही. माझ्या मुलीचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. पासपोर्टवर आपण मराठी माणसं लिहितो तसं, डी-एन-वाय. वॉर्ड ऑफिसातल्या माणसाने एकेक अक्षर लावत 'दिन्या' केलं. मागे रांग होती. म्हटलं, राहू दे.

मग शाळा. पहिलीला गणिताचा संच असतो: मोजायच्या काड्या, ठोकळे, खोटी नाणी, पत्ते. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव चिकटवायचं. प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक काडीवर, शिताएवढी लेबलं, भुवयांच्या चिमट्याने. रात्री एकपर्यंत मी दिन्या, दिन्या चिकटवत बसले होते. नवरा म्हणाला, आता बदलायचं तर सगळ्या काड्या सोलाव्या लागतील. हसलो आम्ही. मग बुटांवर, छत्रीवर, फरशी पुसायच्या फडक्यावर (वर्ग पोरंच झाडतात-पुसतात) तेच नाव गेलं.

शाकाहारी असाल तर शाळेच्या जेवणात माशाचा अर्क, दाशी, कशाकशात असतो ते ओळखूही येत नाही. बऱ्याच चिठ्ठ्याचपाट्या करून आम्हाला डब्याची परवानगी मिळाली. पण तिथे पोरंच पांढरे एप्रन घालून वाढतात, सगळे एकच जेवण जेवतात, आणि ही एकटी डबा उघडते. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, पोळीभाजी नको, वास येतो. कुणी काही बोललं नव्हतं. इथे बोलत नाहीत. मी ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, द्यायला लागले, आत लिंबाचं लोणचं घालून. ते तेवढं मी सोडलं नाही.

तरी घाला सरकारी शाळेतच. पोर पाठीवर दप्तर घेऊन आपली आपण चालत जाते, भाषा वर्षभरात येते. मला अजून पालकसभेत निम्मंच कळतं, शेजारी ती बसते आणि हळूच सांगते.

गेल्या रविवारी तिने स्वतःच साताऱ्याला फोन लावला. "हॅलो, दिन्या बोलतेय." आजीने राँग नंबर समजून ठेवून दिला. मी परत लावला.