सही वाचून कर, पोरी

चि. पोरी,

आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस आणि आठ दिवसांत मोठे गुरुजी रजिस्टर घेऊन दारात हजर. तू भाकरी थापत होतीस, पिठाच्या हातानं सही केलीस आणि आता मला विचारतेस, "काकाजी, मी मंजूर तरी काय केलं?"

मला काय विचारतेस? रजिस्टर उघडून पाहा ना.

राग आला खरा, पण तुझ्यापेक्षा माझाच जास्त आला. मी अध्यक्ष झालो त्या वर्षी गुरुजी मोटरसायकलवर पार धुऱ्यापर्यंत आले होते. माझ्या पाठीवर फवारणीचा पंप, हाताला औषधाचा वास. त्यांनी गाडीच्या टाकीवर रजिस्टर उघडलं, एका जागी बोट ठेवलं आणि तिथं मी सही ठोकली. वरचा मजकूर त्यांच्या तळहाताखाली होता. तो हात बाजूला करा म्हणायला मला लाज वाटली. माझ्या लहान भावाला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या वर्षी माझी लेक सहावीत होती. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. तिच्या मायनं एकदा खोदून विचारलं, तर म्हणे, "पाणी पेलं की जावं लागते, अन् तिथं पाणी नाही." मी शाळेत जाऊन पाहिलं. मुलींच्या संडासावर टाकी होती, पण पाइप नव्हता. कागदावर मात्र पाइप होता, नळ होता, बसवण्याची मजुरीही होती. खाली माझी सही. त्याच रजिस्टरात एक बैठक पोळ्याच्या दिवशी झालेली होती, सगळे सदस्य हजर! पोळ्याच्या दिवशी आपल्याकडं माणूस बैल सोडून शाळेत बसतो का, तूच सांग.

म्हणून सांगतो, वाचल्याशिवाय सही करायची नाही. चुलीपाशी नाही, वावरात नाही, लग्नाच्या मांडवात तर नाहीच.

तू म्हणतेस, गुरुजी चांगले आहेत, वाचायला मागितलं तर त्यांना अपमान वाटेल. अगं, चांगला माणूस असेल तर स्वतःच वाचून दाखवेल. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तुला तिथं गुरुजींचा मान राखायला बसवलेलं नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, असं त्या कायद्याचं २१ वं कलम सांगते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं गेलं ते पाहायचं, ही कामं त्यात लिहून दिलेली आहेत. आमच्या वेळी चेकवर मुख्याध्यापकासोबत अध्यक्षाची सही लागायची. आता पैसे संगणकावरून जातात म्हणतात, पण समितीचा ठराव लागतोच. त्यासाठीच तर रजिस्टर तुझ्या दारात आलं!

तुमचा पट चौसष्टचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चाला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरते, ३१ ते १०० पोरांच्या शाळेला वर्षाचे २५ हजार. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर लावायचा असतो. त्या २५ हजारांचं काय झालं, एवढं एक पान आधी वाच. बाकी कायदा सवडीनं.

आता माझं दुसरं ऐक, कारण गावात कोणी ना कोणी तुला सांगेलच. पाइपाच्या भानगडीनंतर मी अडून बसलो. मार्चअखेरीला तीन कोटेशनं समोर आली, तिन्ही एकाच हाताची, 'रुपये'मधला 'रु' तिन्हीकडं सारखाच मोडलेला. मी सही केली नाही. पैसा परत गेला, पोरं आणखी वर्षभर फुटक्या फरशीवर बसली आणि गाव मला म्हणाला, याच्या हट्टापायी शाळेचं नुकसान झालं. मी चुकलो नाही. आजही त्या कागदांवर सही करणार नाही. पण खरं सांगायचं तर हे मार्चमध्ये करायचं काम नव्हतं. दिवाळी झाल्यावरच विचारलं असतं, की आराखड्यात काय धरलं, कोटेशनं कोण आणणार, तर पैसाही राहिला असता. कापसाच्या गडबडीत मी चार महिने शाळेकडं फिरकलो नाही, आणि हे मी गावात कधी बोललो नाही.

बैठकीचं म्हणशील तर सकाळी अकराची वेळ तुझ्या बायांनी ठरवलेली नसणार. वेचणीला मजुरी किलोवर मिळते, अकराला शाळेत बसली तर तिचा दिवस बुडाला. संध्याकाळी सातला ठेव, देवळाच्या ओट्यावर ठेव. गुरुजी शेवटच्या एसटीचं कारण सांगतील. महिन्यातून एक दिवस थांबा म्हणावं. आणि तुझ्या नवऱ्याला घरी बसव. तो चांगला आहे, मला ठाऊक आहे, पण अध्यक्ष तू आहेस. खुर्चीवर तो आणि दारात चपलांपाशी तू, असं मला दिसलं तर मी तिथंच बोलेन.

झालेल्या सहीचं काय, तर उद्या शाळेत जा, तो ठराव वाच. न पटणारं असेल तर पुढच्या बैठकीत तसं बोल आणि इतिवृत्तात लिहून घे. रडत बसू नको. मी तर वर्षभर कोणाला सांगितलंही नव्हतं.

तो पाइप मी नंतर पदरच्या पैशानं जोडला. जोड नीट बसला नाही, अजून गळतो. त्या बाजूनं गेलीस तर खाली बादली ठेवायला सांग.

तुझा,
काकाजी