चारऐवजी दोन बोल्ट चालतील का?

प्रश्न : शिरोलीला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रसचा (छताच्या लोखंडी कैचीचा) 65×65×6 चा अँगल 8 मिमीच्या गसेटला (सांध्यावरच्या प्लेटला) 16 मिमीच्या, 4.6 ग्रेडच्या चार बोल्टनं जोडायचा आहे. फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेली) ओढ 110 किलोन्यूटन. टोकापासून पहिलं भोक 30 मिमीवर, पिच (शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर) 40. सर, 8.8 चे बोल्ट दुप्पट ताकदीचे, मग दोनच टाकले तर? ड्रिलिंगही वाचेल.

उत्तर : भोकं आहेत तिथेच ठेवून नाही चालणार. बोल्ट दुप्पट ताकदीचा झाला, अँगल तोच राहिला ना!

आयएस 800:2007 (स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक) नुसार आधी शिअर बघा, म्हणजे बोल्ट आडवा कापला जातो ते. कापाची रेषा आट्यांतून जाते असं धरून क्षेत्रफळ 157 चौ. मिमी. त्याला 400 नं (4.6 च्या बोल्टची ताकद) गुणा, √3 नं आणि मग सुरक्षेच्या 1.25 नं भागा : बोल्टमागे 29 किलोन्यूटन. चारांचे 116, म्हणून मूळ ड्रॉइंग पास होतं. 8.8 ला हाच आकडा 58 येतो, आणि तुम्ही तिथेच थांबलात.

आता बेअरिंग, म्हणजे बोल्ट भोकाची कड चेपत जातो ते. भोक 18 मिमी, त्याची तिप्पट 54. 30 भागिले 54 म्हणजे 0.56, पिचकडून 40 भागिले 54, वजा 0.25, म्हणजे 0.49. लहान आकडा घ्यायचा. 2.5 × 0.49 × 16 × 6 × 410 ÷ 1.25 केलं (6 ही अँगलची जाडी, 410 ही त्याच्या स्टीलची ताकद) की 38.6 किलोन्यूटन. दोन बोल्टचे 77. ओढ 110!

दोनच हवेत तर टोक 40 आणि पिच 60 करा. बेअरिंग 58 च्या थोडं वर जातं, शिअरशी जुळतं, दोघांचे 116. गेज (अँगलच्या कोपऱ्यापासून भोकांच्या रेषेपर्यंतचं अंतर) 35 धरून अँगलचा तुकडा भोकांच्या रेषेत फाटून निघण्याचा हिशेबही मी केला : 115 च्या वर. पास आहे, पण काठावर. माझं मत विचाराल तर तीन बोल्ट टाका. एका भोकाचं ड्रिलिंग असं कितीसं महाग?

आणि ते टोकापासूनचं 30 मिमी. हातानं गॅस कटिंग करत असाल, तर भोकाच्या 1.7 पट, म्हणजे 30.6 लागतं. करवतीनं कापलं तर 27 पुरतं. 8.8 च्या बोल्टला नटही 8 क्लासचाच घ्या, जुन्या डब्यातला नको.