मुंबईत पावसाळ्यात मिळणाऱ्या रानभाज्या आणि रानफळं बिनधास्त खाता येतात का?

टाकळा, फोडशी, कुर्डू, करटोली, शेवळं, करवंदं, जांभळं, तोरणं हे सगळं आमच्या घरात आजीच्याही आधीपासून खाल्लं जातं, त्यामुळे खाता येतं हे नक्की. पण बिनधास्त नाही. भाजी ओळखणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कशी करायची हे माहीत असणंही.

शेवळांचंच बघा. मृगाच्या सुमारास बोरिवली-दादरला स्टेशनबाहेर पालघर-डहाणूकडच्या बायका जुड्या घेऊन बसतात. शेवळं सुरणाच्या गोतातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून घसा खाजतो. आई आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकते, बाकीचं बारीक चिरून तेलावर भरपूर परतते आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालते. काकडं नसतील तर चिंच. एका वर्षी मी घाईत तो पिवळा भाग तसाच ठेवला आणि घरातल्या सगळ्यांचे घसे रात्रभर खवखवले. म्हणून विकणारी मावशी शेवळांबरोबर काकडं देत असेल तर नको म्हणू नका, आणि भाजी कशी करायची तेही तिलाच विचारा. पहिल्यांदा थोडीच खा.

टाकळा रुळांच्या कडेला, नाल्याकाठीही माजतो. तिथला खुडू नका, त्या मातीत सांडपाणी मुरलेलं असतं. राष्ट्रीय उद्यानातून काही तोडायला तर कायद्यानेच बंदी आहे.

फळांच्या बाबतीत ‘पक्षी खातात ते आपल्यालाही चालतं’ हा समज फार घातक आहे. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फळं कोकीळ खातो. माणसाच्या हृदयाचे ठोके त्यांनी बिघडतात, जीवही जातो. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुलं मूठभर खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. गुंजेची लाल-काळी बी आणि धोतऱ्याचं काटेरी बोंड हेही विषारीच. मुलांना करवंदं दाखवायच्या आधी ही चार झाडं दाखवा.

कुणी काही अनोळखी फळ-पान खाल्लंच, तर ताक-लिंबू पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि त्या झाडाची पानाफळांसकट फांदी पिशवीत घालून सोबत न्या. काय पोटात गेलंय हे डॉक्टरांना त्यावरून लवकर कळतं.