‘रोमन हॉलिडे’चा शेवट पटला नाही, तरी लोक तो डोक्यावर का घेतात?

‘रोमन हॉलिडे’ हा चित्रपट म्हणजे रोमच्या दौऱ्यातून पळालेली राजकन्या अ‍ॅन आणि पत्रकार जो ब्रॅडली यांची गोष्ट; दोघं एकमेकांपासून ओळख लपवून शहरात भटकतात. तो पाहून तुम्ही हा प्रश्न विचारलात. तुमच्या दोन तक्रारी आहेत: सुरुवात रेंगाळते, आणि एवढं सगळं होऊनही शेवटी दोघं एकत्र येत नाहीत. हा चित्रपट न आवडणारे बहुतेक प्रेक्षक याच दोन गोष्टी सांगतात. माझ्या मते दुसऱ्या तक्रारीचं उत्तर पहिलीतच आहे. सुरुवात घाईत पाहिली की शेवट अंगावर येतो, कारण शेवटच्या प्रसंगाची सगळी तयारी तिथे झालेली असते.

सुरुवातीचा स्वागतसमारंभ आठवा. राजकन्या अ‍ॅन एका जागी उभी आहे, पाहुणे रांगेने तिच्यासमोर येताहेत आणि ती प्रत्येकाशी ठरलेलं एखादं वाक्य बोलते आहे. पाय इतके अवघडलेत की घोळदार झग्याआड ती एका पायातला बूट काढते आणि तो नेमका निसटतो. पुढे शयनगृहात तिच्या दिमतीची काउंटेस दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवते आणि अ‍ॅन पाठ केल्यासारखी होकार-नकार देत राहते. तिचा बांध फुटतो तो तिथे. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात, आणि ती पळते.

आता शेवटची पत्रकार परिषद बघा. तीच औपचारिकता, पुन्हा माणसांची रांग. कोणतं शहर सर्वांत आवडलं, असं कुणी विचारतं. शेजारी उभा असलेला अधिकारी तिला ठरलेलं उत्तर हळूच सुचवतो. ती तेच बोलायला लागते, मध्येच थांबते आणि रोमचं नाव घेते. मग कार्यक्रमात नसताना स्वतःहून पायऱ्या उतरून पत्रकारांशी एकेक करून हात मिळवते. सुरुवातीला रांग तिच्याकडे येत होती, आता ती रांगेकडे जाते. ती घराण्याचं आणि देशाचं कर्तव्य म्हणूनच परतली आहे, पण आता ती कुणाच्या इशाऱ्यावर बोलत नाही. ती जोबरोबर निघून गेली असती तर हा बदल दाखवायला जागाच उरली नसती. म्हणून मला हा शेवट अपुरा वाटत नाही.

‘जो तिला फसवतो, मग त्यात प्रेम कसलं?’ हा आक्षेप मात्र मी जास्त गंभीरपणे घेतो. जो ब्रॅडलीला सचित्र खास मुलाखतीसाठी 5000 डॉलर कबूल झालेले आहेत, वर संपादकाशी 500 डॉलरची पैज. त्याचा मित्र अर्व्हिंग सिगारेट लायटरमध्ये दडवलेल्या कॅमेऱ्याने तिच्या नकळत फोटो काढतो. ट्रेव्ही कारंज्यापाशी जो एका शाळकरी मुलीकडून कॅमेरा मिळवायची धडपड करतो, तो विनोद आज खटकतो, आणि खटकायलाच हवा. पण चित्रपट ही फसवणूक विसरत नाही. शेवटी अ‍ॅन माणसामाणसांतल्या नात्यांवरच्या विश्वासाबद्दल बोलते, तेव्हा जो सर्वांसमोर सांगतो की तो विश्वास वाया जाणार नाही. बातमी छापणार नाही हे तो तिला भर सभेत असं सांगतो, आणि दोघांखेरीज फक्त अर्व्हिंगला ते कळतं. मग अर्व्हिंग फोटोंचं पाकीट रोमची आठवण म्हणून तिच्या हाती देतो. इथे सबटायटल लावूनच बघा. एक वाक्य निसटलं तरी प्रसंग कोरडा वाटतो.

अ‍ॅन झालेल्या ऑड्री हेपबर्नबद्दल फारसं दुमत नाही. हॉलिवूडमधली तिची ही पहिलीच मोठी भूमिका, आणि त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. जो झालेला ग्रेगरी पेक तेव्हा मोठा तारा होता, तरी तिचं नाव आपल्या बरोबरीने झळकावं असा आग्रह त्यानेच धरला. खोटं बोलणाऱ्याचा हात चावतं अशी आख्यायिका असलेल्या दगडी ‘सत्यमुखा’च्या प्रसंगात त्याने हात बाहीत लपवला. हे तिला आधी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तिची किंकाळी खरी आहे. पेक थोडा ताठ वाटतो ही तक्रार मला मान्य नाही. तो शांत राहतो म्हणून तिचा खट्याळपणा उठून दिसतो.

कथेचं ऑस्कर 1954 मध्ये इयान मॅक्लेलन हंटरच्या नावावर गेलं, पण कथा होती डाल्टन ट्रंबोची. तो हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून काम नाकारलेल्यांत, असल्याने त्याचं नाव पडद्यावर येऊ शकलं नाही. अकादमीने 1993 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो पुरस्कार त्याच्या नावे दिला. लपवलेल्या ओळखीची ही गोष्ट एका नाव लपवाव्या लागलेल्या माणसाने लिहिली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुन्हा पाहणार असाल तर मूळ कृष्णधवल प्रतच घ्या, रंगवलेली क्लिप नको. दिग्दर्शक विल्यम वायलरने 1952 च्या उन्हाळ्यात सगळं चित्रीकरण रोममध्येच केलं. उन्हातल्या भिंती आणि किल्ल्याखालचा रात्रीचा नाच कृष्णधवल छायाचित्रणासाठीच प्रकाशित केलेला आहे, वरून चढवलेल्या रंगात तो सपाट होतो. चौकट जवळपास चौकोनी आहे, उंचीच्या साधारण 1.37 पट रुंद. म्हणजे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा भरण्यासाठी झूम केलंत तर डोकी कापली जातात, आणि चित्र ताणलंत तर चेहरे रुंद होतात. लांबी 118 मिनिटं आहे. दोन बैठकांत तोडू नका, नाहीतर सुरुवातीची रांग शेवटपर्यंत लक्षात राहत नाही.