सीए रिटर्नमध्ये एफडीचं व्याज दाखवायचं विसरला, आता दंड कोणी भरायचा? (दादर, मुंबई)

दंड आणि व्याज तुम्हालाच भरावं लागेल, कारण रिटर्न कोणीही भरलं तरी आयकर खात्याच्या लेखी ते तुमचं असतं. म्हणून सीएशी वाद घालण्याआधी चूक दुरुस्त करा. मी इथेच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, अशी प्रकरणं दर हंगामात येतात. आधी आयकर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून एआयएस (खात्याकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची व व्यवहारांची नोंद) आणि 26एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद) उघडा आणि भरलेल्या रिटर्नशी ओळ न् ओळ ताडून बघा. पोर्टलवरच्या तुमच्या लॉगिनला मोबाईल-ईमेल सीएचा जोडलेला असेल तर तो आजच बदला, नाहीतर नोटीस तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. हे खरंच फार महत्त्वाचं आहे.

मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा आणि 30 दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा. आकारणी वर्ष 2025-26 (म्हणजे 2024-25 मधलं उत्पन्न) साठी ही मुदत 31 डिसेंबर 2025 होती. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न: आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर 25 टक्के जादा कर लागतो, पुढे तो वाढत जातो. नोटीस येईपर्यंत थांबलात तर उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल बुडालेल्या कराच्या 50 टक्के दंड होऊ शकतो.

एक मात्र लक्षात ठेवा, चुकीमुळे तुम्ही जास्त कर भरला असेल तर अपडेटेड रिटर्नने रिफंड मिळत नाही. सीएकडून भरपाई लेखी मागा. निष्काळजीपणा गंभीर असेल तर आयसीएआयच्या (सीएंची नियामक संस्था) शिस्तपालन विभागाकडे तक्रार करता येते.