कंपनी विकत घेताना किंमत नेमकी कशी ठरते?

तुमचा प्रश्न असा आहे की, शेअर बाजारात कंपनीचा भाव रोज सगळ्यांना दिसतो, मग तिला विकत घेणारे त्याहून कितीतरी जास्त पैसे का मोजतात आणि तो आकडा काढतात कसा? मी व्हॅल्युएशनचंच, म्हणजे कंपनीचं मूल्य काढण्याचंच काम करतो, म्हणून जरा आतलं सांगतो.

बाजारभावाला सगळे भागधारक विकायला तयार नसतात. तयार असते तर त्यांनी आधीच विकलं असतं. त्यामुळे पूर्ण ताबा हवा असेल तर बोलणी त्या भावाच्या वरच सुरू होतात. किती वर जायचं, हे मात्र घेणाऱ्यावर अवलंबून. दोन्हीकडची तीच ती कामं एकत्र केली, कच्चा माल एकगठ्ठा घेतला, तर किती वाचेल? यालाच सिनर्जी म्हणतात. खर्चातली बचत बऱ्यापैकी खात्रीने मांडता येते. ‘आपली विक्री वाढेल’ या गृहीतकावर मात्र मी सहसा विश्वास ठेवत नाही.

हिशेबाची सोपी पद्धत म्हणजे तशाच कंपन्या नफ्याच्या किती पटीत विकल्या गेल्या ते पाहणं. दुसरी पद्धत भविष्यात हाती येणाऱ्या रोख रकमेचं आजचं मूल्य काढण्याची. त्यात पहिल्या पाच वर्षांचे अंदाज तपशिलात मांडतात आणि पुढचा सगळा काळ एका सूत्रात बसवतात. समजा सहाव्या वर्षी १०० कोटी उरतील, अपेक्षित परतावा १० टक्के आणि त्यानंतरची वाढ ३ टक्के. १० टक्क्यांतून ३ वजा केले की ७ टक्के; १०० भागिले ०.०७, म्हणजे त्या सगळ्या पुढच्या काळाचं पाचव्या वर्षाअखेरचं मूल्य सुमारे १,४२९ कोटी. वाढ ४ टक्के धरा, तेच १,६६७ कोटी होतात! कंपनी तीच, कारखाना तोच, फक्त हिशेबाच्या तक्त्यातल्या एका चौकोनातला, वाढीचा आकडा बदलला. कोणाचंही मॉडेल हाती आलं की मी आधी तो चौकोन बघतो, कारण सौदा करायचाच असं वरून ठरलेलं असेल तर आकडे इथेच ताणले जातात.

आणि समोर दुसरा ग्राहक उभा राहिला की हिशेब मागे पडतो. टाटा स्टीलने ऑक्टोबर २००६ मध्ये कोरस या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीला शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले होते. ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएनही स्पर्धेत उतरली. टाटा ५०० वर गेले, सीएसएन ५१५ वर. शेवटी कंपन्यांच्या खरेदीवर नजर ठेवणाऱ्या ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलच्या देखरेखीखाली लिलाव झाला आणि जानेवारी २००७ च्या अखेरीस टाटांनी ६०८ पेन्सला कोरस घेतली. सीएसएनची शेवटची बोली होती ६०३. चार महिन्यांत कोरसची पोलाद बनवण्याची क्षमता एक तृतीयांशाने वाढली नव्हती, किंमत मात्र तेवढी वाढली.

पैसे कोणत्या रूपात देणार, हाही किंमतीचाच भाग आहे, आणि बातम्या वाचताना नेमकं हेच सुटतं. फेसबुकने एप्रिल २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलर्सना घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या कंपनीला काहीच उत्पन्न नव्हतं. मोजली गेली ती किंमत वापरकर्त्यांची, आणि उद्याचा स्पर्धक आपल्याकडे असण्याची. पण त्यातले फक्त ३० कोटी रोख होते, बाकी फेसबुकचे शेअर्स. सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण होईपर्यंत ते शेअर्स घसरले होते, त्यामुळे विकणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात सुमारे ७० कोटी डॉलर्सच्या आसपासचं मोल पडलं.